विश्लेषण : जुनी डिझेल मोटरहोम घेताय? आधी कागद, मग गाडी, शेवटी घर!

गादी, ओटा, छोटा फ्रिज, छतावर सोलर पॅनेल आणि खिडकीबाहेर डोंगर. जुन्या मोटरहोमच्या विक्रीच्या जाहिरातीत बहुतेक वेळा हेच दिसते. नवी मोटरहोम बांधून घेण्याचा खर्च मोठा असल्याने अनेक जण जुन्या गाडीचा विचार करतात. निवृत्तीनंतर हातात आलेल्या पैशांतून देश पाहायला निघू इच्छिणारी जोडपीही त्यात आहेत. मात्र ही खरेदी म्हणजे एकाच वेळी जुनी गाडी आणि जुने घर घेणे. विक्रेता आधी घर दाखवतो, मग इंजिन सुरू करून दाखवतो आणि कागदपत्रांचा विषय शेवटी काढतो. खरेदीदाराने नेमक्या उलट्या क्रमाने जायला हवे. तसे का आणि कसे, याचा हा आढावा.

भारतात जुन्या मोटरहोम कशावर बांधलेल्या असतात?

युरोपात किंवा अमेरिकेत मोटरहोम बनवणारे मोठे उद्योग आहेत. आपल्याकडे बहुतांश मोटरहोम या तयार व्हॅन किंवा मिनीबसमध्ये बदल करून बांधलेल्या असतात. त्यात सर्वाधिक दिसते ती फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर. १९८७ मध्ये तेव्हाच्या बजाज टेम्पो कंपनीने मर्सिडीज-बेन्झच्या टी-१ व्हॅनवर आधारित ‘टेम्पो ट्रॅव्हलर’ आणली. कंपनीचे नाव पुढे बदलले, तरी लोकांच्या तोंडी ‘टेम्पो ट्रॅव्हलर’ हेच नाव राहिले. त्याशिवाय टाटा विंगर, आयशर वा टाटाच्या मिनीबसच्या चेसिस आणि अलीकडे फोर्स अर्बानिया यांवरही मोटरहोम बांधल्या जातात.

यातील विश्वासार्ह कोणती, या प्रश्नाचे पहिले उत्तर सोपे आहे. जिचा क्लचप्लेट, ब्रेक लायनर आणि डिझेल फिल्टर तालुक्याच्या गावात मिळतो आणि जी तिथला मिस्त्री उघडू शकतो, ती. कुटुंब आत झोपलेले असताना गाडी मेळघाटात किंवा राजस्थानातल्या एखाद्या गावात बंद पडली, तर दुर्मीळ इंजिनाचे कौतुक कामाला येत नाही. ट्रॅव्हलर या निकषावर उजवी ठरते, कारण देशभर पर्यटक वाहन, शाळेची बस आणि रुग्णवाहिका म्हणून ती धावते. पण याच कारणामुळे तिच्या पूर्वायुष्याची चौकशीही करावी लागते.

कागदपत्रे सर्वात आधी का?

कारण इंजिन दुरुस्त होते, चुकीची नोंदणी सहजासहजी दुरुस्त होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत असे बदल मालकाला परस्पर करता येत नाहीत. केरळमधील एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आसने काढून पलंग बसवणे, छत कापून एसी लावणे, गॅसची जोडणी करणे हे सारे आरटीओच्या नजरेत ‘बदल’च असतात.

आरसीवर पहिल्यांदा पाहायचा तो ‘वाहनाचा वर्ग’. परिवहन विभागाच्या ‘वाहन’ प्रणालीत कॅम्पर व्हॅन आणि मोटर कॅराव्हॅन असे वेगळे वर्ग आहेत. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हाही स्वतंत्र वर्ग आहे. मोटर कॅराव्हॅनच्या मंजुरीसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. अशी मंजुरी देणाऱ्या तपासणी संस्थांपैकी एआरएआय आणि सीआयआरटी या दोन तर पुण्यातच आहेत. आरसीवर कॅम्पर व्हॅन वा कॅराव्हॅन अशी नोंद असेल, तर निम्मी चिंता मिटते. तिथे ‘बस’, ‘ओम्नी बस’ किंवा ‘रुग्णवाहिका’ लिहिले असेल आणि आत मात्र पलंग, ओटा, शौचालय असेल, तर विकत घेतली जाणारी वस्तू कागदावर अस्तित्वातच नाही.

‘नंतर करून घेता येते, एजंट ओळखीचा आहे’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकायला मिळते. तसे असेल तर विक्रेत्यानेच आधी करून द्यावे, हे त्याला साधे उत्तर. शंका असल्यास आरसीची प्रत घेऊन आपल्या आरटीओत प्रत्यक्ष विचारून यावे. त्यात एक दिवस जातो, पण पुढची काही वर्षे वाचतात.

विम्याचा याच्याशी काय संबंध?

सरळ संबंध आहे. विमा आरसीवरील वाहनाचा असतो. विमा कंपनीला बदल कळवलेले नसतील, तर अपघात किंवा आगीनंतरचा दावा अडकू शकतो. आतले फर्निचर, बॅटरी, सोलर, एसी यांची किंमत पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदवली नसेल, तर त्यांची भरपाई गृहीत धरता येत नाही. म्हणून चालू पॉलिसीची पूर्ण प्रत मागावी. केवळ पहिले पान नव्हे. पॉलिसीतील वर्ग आरसीशी जुळतो का आणि मागील वर्षांत दावा घेतला होता का, हे पाहावे. दावा घेतला असेल तर त्याचे कारण विचारावे. नो क्लेम बोनस हा मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तो गाडीबरोबर मिळत नाही. गाडी नावावर झाल्यावर विमा आपल्या नावे करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा लागतो.

पांढरी पाटी, पिवळी पाटी यात काय फरक पडतो?

खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. परिवहन वाहनाचे पासिंग मात्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. महाराष्ट्रात १५ वर्षांपुढील खासगी आणि आठ वर्षांपुढील परिवहन वाहनांना पर्यावरण करही भरावा लागतो. पिवळ्या पाटीची गाडी पांढऱ्या पाटीवर आणायची, तर परवाना जमा करणे, कराचा फरक भरणे आणि वर्ग बदलून घेणे ही सारी प्रक्रिया पार पाडावी लागते. ‘फक्त पाटी बदलायची’ इतके ते सोपे नसते.

परराज्यातील गाडी असेल, तर मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र म्हणजे नमुना २८ आणि इथला रस्ता कर हे दोन्ही हिशेबात धरावेत. दिल्ली परिसरातील डिझेल गाड्या स्वस्त का वाटतात, याचेही कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथे १० वर्षांवरील डिझेल वाहनांवर निर्बंध कायम केले होते. २०२५ मध्ये या निर्बंधांबाबत न्यायालयाने पुन्हा आदेश दिले. त्यामुळे ज्यांना मोटरहोमने हिमाचल किंवा लडाखला जायचे आहे, त्यांनी दिल्लीतून जाण्याचा मार्ग आखण्यापूर्वी त्या वेळचा नियम पाहून घ्यावा. हिशेबात गाडीचे वय नोंदणीच्या तारखेपासून धरले जाते, मोटरहोम बांधल्याच्या तारखेपासून नाही. आतले फर्निचर २०२२ चे असले तरी २०१२ मध्ये नोंदणी झालेली गाडी ही २०१२ चीच असते.

बीएस-४ घ्यावी की बीएस-६?

देशात १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले. बीएस-६ गाडी नवी असते आणि नियमांच्या दृष्टीने तिचे आयुष्य जास्त उरलेले असते. मात्र तिच्या धुराच्या यंत्रणेला शिस्त लागते. सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो स्वतः साफ होण्यासाठी धूर सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो आणि त्यासाठी महामार्गावर सलग गाडी चालावी लागते. महिनोन्‌महिने सोसायटीत उभी असलेली आणि केवळ ‘बॅटरी उतरू नये’ म्हणून दहा मिनिटे सुरू केली जाणारी गाडी हा फिल्टर तुंबवून घेते.

बीएस-६ च्या अनेक व्यापारी वाहनांत डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची आणखी एक टाकी असते. त्यात युरियाचे द्रावण, म्हणजे डीईएफ घालतात. ते फार काळ पडून राहिले, विशेषतः उन्हात, तर खराब होते. त्याचे खडे पंप आणि नोझलमध्ये साचतात. गाडी पाहताना त्या झाकणाभोवती पांढरे खडे आहेत का आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा किंवा डीईएफचा दिवा पेटतो का, हे पाहावे. चावी फिरवल्यावर सर्व दिवे एकदा पेटून विझायला हवेत. एखादा दिवा पेटतच नसेल, तर तो लपवण्यासाठी काढून टाकलेला असू शकतो. बीएस-४ गाडी साधी, दुरुस्तीला सोपी. पण तिचे वय आता वाढते आहे. वर्षाकाठी जास्त आणि सलग प्रवास करणाऱ्याने बीएस-६ घ्यावी. ज्याला मर्यादित वर्षे वापरायची आहे आणि ज्याचे मार्ग ठरलेले आहेत, त्याला चांगली राखलेली बीएस-४ चालू शकते.

कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी का?

नेहमीच नाही. मोटरहोमच्या बाबतीत तर हा आकडा सर्वाधिक फसवतो. डिझेल इंजिन वापरण्यासाठी असते. नियमित धावलेले आणि वेळेवर ऑइल बदललेले इंजिन वर्षानुवर्षे झाकून ठेवलेल्या इंजिनापेक्षा भरवशाचे असते. उभ्या गाडीत ऑइल सील कडक होतात, ब्रेक ड्रमला गंज धरतो, रबरी पाइप चिरतात. अर्धवट भरलेल्या टाकीत पावसाळ्यात दमट हवेचे पाणी होते. त्या पाण्यात जिवाणू वाढून डिझेलमध्ये चिकट गाळ तयार होतो. हा गाळ इंजेक्टरपर्यंत गेला की खर्च मोठा असतो.

पूर्वी रुग्णवाहिका असलेल्या गाडीचे किलोमीटर कमी दिसू शकतात. पण ती एसी चालू ठेवून तासन्‌तास जागेवर उभी राहिलेली असते. तासभर जागेवर चाललेले इंजिन म्हणजे साधारण ४० किलोमीटर धावणे, असा ढोबळ हिशेब गॅरेजमध्ये मांडला जातो. शाळेची बस सतत थांबत-निघत चालते, त्यामुळे तिचा क्लच आणि ब्रेक आधी थकतात. पर्यटक गाडीचे किलोमीटर भरपूर असतात, पण ते बहुतांशी महामार्गावरचे. आधीचा मालक कोण होता आणि गाडी कशासाठी वापरली, हा प्रश्न मीटरवरच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

मीटर खरा आहे का, हे सर्व्हिसच्या बिलांवरून जुळवता येते. बिले तारखेनुसार लावावीत आणि प्रत्येकावरचा किलोमीटरचा आकडा चढता आहे का ते पाहावे. मधेच आकडा घसरला किंवा दोन वर्षांची बिलेच नाहीत, तर त्याचे स्पष्टीकरण मागावे. कमी किलोमीटरची सांगितलेली गाडी आणि झिजून गुळगुळीत झालेले पेडलचे रबर व स्टिअरिंग यांचा मेळ बसत नाही.

इंजिनाची तपासणी कशी करावी?

गाडी पाहायला सकाळी जावे आणि ‘येण्यापूर्वी सुरू करू नका’ असे आदल्या दिवशीच सांगावे. पोहोचल्यावर प्रथम बॉनेटला हात लावावा. ते गरम असेल, तर विक्रेत्याला थंड इंजिनाची काही तरी अडचण झाकायची असू शकते. रात्रभर थंड राहिलेले इंजिन फार वेळ स्टार्टर न मारता सुरू झाले पाहिजे.

मग धुराचा रंग पाहावा. सुरुवातीला थोडा धूर येऊन थांबणे समजण्यासारखे आहे. सतत काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंजेक्टर खराब. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर डिझेल पूर्ण जळत नाही किंवा कूलंट आत जात आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण सैल करून पाहावे. तिथून जोराने वाफा बाहेर फेकल्या जात असतील, तर रिंगा झिजल्याची शंका घ्यावी. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या रंगाचा साय दिसला, तर हेड गॅस्केटचे काम निघू शकते.

उरलेले काम आपल्या माहितीतल्या डिझेल मिस्त्रीवर सोडावे. विक्रेत्याने सुचवलेल्या मिस्त्रीवर नव्हे. कॉमन रेल इंजिनात स्कॅनर लावून जुने दोष वाचता येतात. इंजेक्टरचे परत येणारे डिझेल मोजून कोणता इंजेक्टर थकला, हे कळते. गरज वाटल्यास कॉम्प्रेशन तपासता येते. या तपासणीला विक्रेता तयार नसेल, तर तो नकार हीच माहिती समजावी.

वजनकाट्यावर का न्यावी?

मोटरहोमच्या खरेदीत सर्वात दुर्लक्षित आणि सर्वात स्वस्त तपासणी हीच आहे. आठ बाय चार फुटांची १८ मिलिमीटरची एक प्लाय साधारण ३० ते ३५ किलो भरते. अशा दहा प्लाय म्हणजे ३०० किलोहून अधिक. पाण्याची १५० लिटरची भरलेली टाकी म्हणजे १५० किलो. घरच्या इन्व्हर्टरला वापरतात तशा दोन मोठ्या बॅटऱ्या जवळपास १०० किलो. त्यात एसी, फ्रिज, छतावरचे कॅरिअर, गॅस सिलिंडर, चार माणसे आणि सामान. काढलेल्या आसनांचे आणि न बसणाऱ्या प्रवाशांचे वजन यातून वजा होते, हे खरे. पण प्रवासी मुक्कामाला उतरतात. फर्निचर कधीच उतरत नाही. पाटे आणि टायर रात्रंदिवस तेच ओझे वाहत असतात.

म्हणून गाडी जवळच्या वजनकाट्यावर न्यावी. पाण्याची आणि डिझेलची टाकी भरून आधी पूर्ण गाडीचे, मग फक्त पुढच्या चाकांचे, मग फक्त मागच्या चाकांचे वजन घ्यावे. आरसीवर लिहिलेल्या कमाल वजनातून हा आकडा वजा केला की माणसे आणि सामान यांसाठी किती वाव उरतो ते कळते. पाच-सहाशे किलो उरत नसतील, तर चार माणसांच्या लांब सहलीला ही गाडी योग्य नाही. डाव्या बाजूला ओटा, टाकी आणि शौचालय सगळेच असेल, तर गाडी एका अंगावर झुकते. सपाट जागी उभी करून मागून पाहिले तरी हे दिसते. विंगरसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागे जास्त वजन गेले, तर ओल्या चढावर पुढच्या चाकांची पकड कमी होते.

टायरची नक्षी पाहून समाधान मानू नये. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मोटरहोम कमी धावते, त्यामुळे नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र म्हातारे होते. पाच-सहा वर्षांवरचे टायर बदलावे लागणार, असे धरूनच किंमत करावी.

गंज आणि गळती कशी ओळखायची?

मुंबई, कोकण, गोवा इथे राहिलेली गाडी खालून पाहिल्याशिवाय घेऊ नये. रॅम्पवर चढवून दरवाजाखालचा पत्रा, चाकांच्या कमानी, पाट्यांच्या जोडणीची ठिकाणे आणि ब्रेकचे पाइप तपासावेत. ट्रॅव्हलर आणि विंगर यांची बॉडी हाच गाडीचा सांगाडा असतो. तिथला गंज म्हणजे केवळ रंगकाम नव्हे. कापडात गुंडाळलेले साधे लोहचुंबक पत्र्यावर फिरवावे. जिथे ते पकडत नाही तिथे पुट्टी भरलेली असते. चेसिसवर नुकताच काळा रंग मारलेला असेल, तर तो का मारला, हे विचारावे.

घराच्या बाजूचा खरा शत्रू म्हणजे पाणी. एसी, सोलर आणि व्हेंटसाठी छताला पाडलेले प्रत्येक भोक पुढेमागे गळू शकते. शक्य असेल तर गाडी भर पावसात पाहावी. नाही तर पाइपने छतावर पंधरा-वीस मिनिटे पाणी सोडावे. मग आत जाऊन कपाटांचे कोपरे, खिडक्यांच्या खालची प्लाय, गादीखालचा भाग अंगठ्याने दाबून पाहावा. फुगलेली प्लाय, सुटलेला सनमायका, गादीखाली काळे ठिपके आणि दार उघडताच येणारा कुबट वास हे गळतीचे पुरावे आहेत. जाहिरातीसाठी भरपूर सुगंध मारलेला असेल, तर दारे बंद करून अर्धा तास थांबावे आणि पुन्हा आत जावे.

‘रात्रभर एसी चालतो’ हा दावा कसा तपासायचा?

गणिताने. एक टनाचा एसी सरासरी ८०० वॅट घेतो असे धरले, तरी आठ तासांना ६,४०० वॅट-तास लागतात. १२ व्होल्टच्या १५० एएच बॅटरीत १,८०० वॅट-तास असतात. लेड-अ‍ॅसिड बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वीज वापरायची असते. म्हणजे एका रात्रीला अशा सात बॅटऱ्या हव्यात आणि त्यांचे वजन साडेतीनशे किलोंच्या घरात जाते. लिथियम बॅटरी हलक्या आणि खोलवर वापरता येणाऱ्या असतात, पण महाग. गाडीत दोनच लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या असतील, तर विक्रेत्याचा ‘रात्रभर’ साधारण दोन तासांत संपतो.

त्याहून गंभीर विषय जिवाचा आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो आणि बंद गाडीत बाहेर पडायला वाट मिळत नाही. सिलिंडरचा कप्पा आतल्या भागापासून बंद आणि तळाशी बाहेर उघडणारा हवा. जनरेटर, हीटर किंवा अर्धवट जळणाऱ्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस दगावतो. दोन्ही वायूंचे अलार्म, अग्निशामक आणि आतून उघडणारा दुसरा मार्ग नसेल, तर या गोष्टी केल्याशिवाय त्या गाडीत एकही रात्र झोपू नये. वायरिंग पाहताना प्रत्येक बॅटरीजवळ फ्यूज आहे का आणि वायरी पत्र्याच्या धारेवर घासत नाहीत ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

चाचणी फेरी कुठे घ्यावी?

शहरातल्या दोन चौकांत नव्हे, घाटात. पुण्याजवळ असाल तर दिवे घाट, नाशिककडे असाल तर कसारा घाट. पाण्याची टाकी भरून आणि चार माणसे घेऊन किमान ४०-५० किलोमीटर चालवावी. चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा स्थिर राहिला पाहिजे. वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नसेल, तर क्लच घसरतो आहे. उतारावर गिअरमध्ये ठेवून उतरताना गिअर सुटता कामा नये. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढू नये. आत बसलेल्याने कान द्यावा. कपाटे करकरत असतील किंवा दारे उघडत असतील, तर फर्निचर बॉडीला नीट बांधलेले नाही.

चालकाचा परवानाही पाहावा. एकूण वजन साडेसात हजार किलोंपर्यंत असेल, तर हलक्या मोटार वाहनाचा परवाना चालतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने या मर्यादेतील परिवहन वाहनांबाबतही हे स्पष्ट केले. मोठ्या बसच्या चेसिसवरील मोटरहोमला मात्र वेगळा परवाना लागतो.

व्यवहार कसा करावा?

सर्व काही पटल्यावरही पूर्ण रक्कम एकदम देऊ नये. हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३०, बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी नमुना ३५ आणि बँकेचे पत्र लागते. थकीत ई-चलन, कर, पासिंग आणि पीयूसी यांची स्थिती ऑनलाइन पाहता येते. चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष वाचून आरसीशी जुळवावेत. विक्रेता व्यावसायिक असेल, तर त्याच्याकडे आरटीओचे प्राधिकारपत्र मागावे. एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी ते बंधनकारक आहे. शेवटचा हप्ता गाडी नावावर झाल्यावर द्यायचा, असे लिहून घ्यावे. ठरलेल्या किमतीच्या किमान १५ ते २० टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर तेवढी स्वस्त गाडी शोधावी.

त्याआधी एक प्रयोग करता येतो. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले आणि आता भाड्याने मोटरहोम मिळू शकते. चार-पाच दिवस भाड्याने घेऊन पाहावे. किती पाणी लागते, शौचालयाची टाकी कोण रिकामी करणार, गाडी सोसायटीच्या कमानीखालून जाते का, घाटात कुटुंबाला त्रास होतो का, हे सारे तिथे कळते.

कधी नाही म्हणावे?

आरसीवरचा वर्ग आतल्या रचनेशी जुळत नसेल, विक्रेता वजनकाट्यावर किंवा स्वतंत्र मिस्त्रीकडे न्यायला नकार देत असेल किंवा खालच्या सांगाड्याला गंज असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी परत फिरावे. उलट, पडदे विटलेले, गादी जुनी, फ्रिज बंद, पण कागद स्वच्छ, इंजिन थंडीत सुरू होणारे आणि पत्रा कोरडा असेल, तर अशी गाडी विचार करण्यासारखी आहे. गादी महिन्याभरात बदलता येते. गंजलेला सांगाडा आणि चुकीची नोंद मात्र शेवटपर्यंत सोबत येतात.